अजिंठ्याचा उपासक

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात वाघोरा नावाची एक लहानशी नदी आहे. डोंगरमाथ्यावरून सात टप्प्यांनी ती खाली उड्या घेते आणि पुढे घोड्याच्या नालेसारखे एक मोठे वळण घेते. त्या वळणावर काळ्या कातळाचा सुमारे २५० फूट उंचीचा कडा भिंतीसारखा उभा आहे. या कड्याच्या पोटात एका ओळीने तीस लेणी खोदलेली आहेत. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी ती हीच.

या लेण्यांपैकी सर्वांत जुनी लेणी सुमारे २,००० वर्षांपूर्वीची आहेत. पावसाळ्याचे चार महिने बौद्ध भिक्षूंना एका ठिकाणी राहता यावे, ध्यान आणि अध्ययन करता यावे, यासाठी राजांनी, अमात्यांनी आणि धनिकांनी ती खोदविली. कुशल कारागिरांनी छिन्नी आणि हातोडा यांच्या साहाय्याने अखंड कातळातून खांब, कमानी आणि मूर्ती निर्माण केल्या. चित्रकारांनी भिंतींवर मातीचा व चुन्याचा गिलावा चढवून त्यावर भगवान बुद्धांच्या जीवनातील आणि जातककथांतील प्रसंग रंगविले. तांबडी व पिवळी माती, हिरवा दगड, चुना आणि काजळ असे साधे रंग त्यांनी वापरले. परंतु त्या साध्या रंगांतून राजे आणि राण्या, व्यापारी आणि भिकारी, हत्ती आणि हंस असे सारे जग त्यांनी भिंतींवर उभे केले.

पुढे काळ पालटला. भिक्षू लेणी सोडून गेले. दरीत रान माजले, पायवाटा बुजल्या आणि कित्येक शतके या लेण्यांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले नाही. इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या रानात आला. पलीकडच्या कड्यावर झाडीतून डोकावणारी एका लेण्याची भव्य कमान त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा मोठा थर साचलेला होता. त्या थरावर उभे राहून कोरलेली ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसतात.

लेणी पुन्हा उजेडात आली ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्याबरोबरच त्यांच्यावरील संकटही वाढले. आतापर्यंत ऊन, पाऊस, वटवाघळे आणि मधमाश्या हेच त्या चित्रांचे शत्रू होते. आता त्यांत माणसाची भर पडली. हौशी प्रवासी भिंतींवर आपली नावे कोरू लागले. कोणी आठवण म्हणून चित्रांचे तुकडे गिलाव्यासह खरवडून नेऊ लागले. छतांतून पाणी झिरपत होतेच. ओल धरलेला गिलावा जागोजाग गळून पडत होता. जे शतकानुशतके टिकले, ते आता थोड्याच वर्षांत नाहीसे होईल, अशी भीती जाणत्या लोकांना वाटू लागली.

जेम्स फर्ग्युसन हे अशा जाणत्या लोकांपैकी एक होते. प्राचीन वास्तुशिल्पाचे ते मोठे अभ्यासक. १८३९ मध्ये त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली. पुढे १८४३ मध्ये त्यांनी लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातील लेण्यांविषयी निबंध वाचला. या चित्रांचे रक्षण करावे, आणि ती नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब प्रती काढून ठेवाव्यात, असा आग्रह त्या विद्वत्सभेने ईस्ट इंडिया कंपनीकडे धरला. कंपनीच्या संचालकांनी ती विनंती मान्य केली आणि १८४४ मध्ये या कामासाठी एका चित्रकाराची नेमणूक झाली. तो चित्रकार म्हणजेच रॉबर्ट गिल.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ मध्ये लंडन शहरी झाला. तरुणपणीच ते कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले आणि हिंदुस्थानात आले. चव्वेचाळिसाव्या मद्रास पलटणीत ते अधिकारी होते. व्यवसायाने शिपाई असले तरी त्यांच्या हाती कुंचला चांगला चालत असे. रानावनात राहण्याची सवय असलेला, बंदूक आणि कुंचला ही दोन्ही सारख्याच सहजतेने चालविणारा असा माणूस या कामाला हवा होता. अजिंठ्यास ते आले तेव्हा चाळिशीत होते. काम संपवून आपण परत पलटणीत जाऊ, असे त्यांना त्या वेळी वाटले असेल. परंतु पुढील सारे आयुष्य त्यांनी याच परिसरात घालविले.

अजिंठा गाव डोंगराच्या माथ्यावर आहे आणि लेणी तेथून काही मैलांवर खाली दरीत आहेत. गावातील जुन्या बारादरीत गिल यांनी आपले बिऱ्हाड थाटले. हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत असे. लेण्यांकडे जाण्यास आजच्यासारखा रस्ता नव्हता. रानातून, खाचखळग्यांतून आणि नदीच्या पात्रातील गोट्यांवरून वाट काढावी लागे. दरीत वाघ, बिबटे आणि अस्वले यांचा वावर होता. लेण्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कोणते जनावर दबा धरून बसले असेल याचा नेम नसे. कमानींना आग्यामाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत. थोडा धूर वा आवाज झाला की त्या माश्या माणसावर तुटून पडत. छताला हजारो वटवाघळे लटकत. पावसाळ्यात वाघोरा दुथडी भरून वाहू लागली की वाट बंद होई, आणि पाऊस ओसरला की हिवतापाची साथ सुरू होई. काही लेण्यांचे दर्शनी भाग कोसळलेले होते. त्यांत शिरायचे म्हणजे निसरड्या दरडीवरून, अरुंद कपारीवरून चढून जावे लागे.

अशा ठिकाणी गिल यांचे काम चाले. लहानसहान रेखाटने करून भागण्यासारखे नव्हते. भिंतीवरील चित्र जेवढे मोठे, तेवढ्याच आकाराची त्याची प्रत कापडी पटावर तैलरंगांत काढावयाची होती. काही पट खोलीची एक भिंत व्यापतील एवढे मोठे होते.  लेण्यात प्रकाश येतो तो फक्त समोरच्या दर्शनी बाजूने. आतल्या भिंतीवरील चित्र दिव्याच्या उजेडात पाहावे लागे. एका हाताने दिवा उंच धरून चित्राची एखादी रेषा न्याहाळावी, ती मनात साठवावी आणि मग पटाकडे वळावे, असा तो क्रम. शतकांच्या धुळीने, धुराने आणि ओलीने काळवंडलेल्या त्या चित्रांत एखाद्या राणीचा हात कोठे संपतो आणि दासीच्या हातातील चवरी कोठे सुरू होते, हे ओळखण्यातच कित्येक घटका निघून जात.

रंग, तेल आणि कापड हे सामान समुद्रापलीकडून यावयाचे. त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिका खंडाला वळसा घालून येणाऱ्या गलबतांना कित्येक महिने लागत. बंदरापासून पुढचा प्रवास बैलगाडीने. तयार झालेले पट गुंडाळून, पेटीत बंद करून त्याच वाटेने उलट विलायतेस धाडावे लागत. एवढ्या अडचणींतून १८६३ पर्यंत गिल यांनी पंचवीसहून अधिक मोठ्या प्रती पूर्ण करून लंडनला पाठविल्या. सुमारे अठरा वर्षांची ही तपश्चर्या होती.

या एकांतवासात त्यांना सोबत लाभली ती अजिंठ्याच्या परिसरातील पारो नावाच्या स्त्रीची. १८५६ मध्ये पारोचा मृत्यू झाला. गिल यांनी तिची कबर अजिंठा गावातच बांधली आणि तिच्यावरील आपला स्नेह सांगणारा लेख तिच्यावर कोरविला. ती कबर आजही तेथे आहे. परक्या देशातून आलेला हा माणूस येथील मातीशी किती एकरूप झाला होता, हे त्या साध्या कबरीवरून कळते.

याच सुमारास गिल यांच्या हाती एक नवीन साधन आले. ते म्हणजे कॅमेरा.

छायाचित्रणाची कला तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांनी तिची पहिली उपयुक्त रीत प्रसिद्ध केली आणि १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये आर्चर यांनी काचेवर चित्र उमटविण्याची अधिक चांगली रीत शोधून काढली. ही विद्या हिंदुस्थानात येण्यास फार वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईस छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. प्रसिद्ध धन्वंतरी आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. मुंबईच्या उपनगरातील ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर उभे राहून खाडीकडे पाहिले म्हणजे समोर घारापुरीचे बेट दिसते. त्या बेटावरील लेण्यांची छायाचित्रे मुंबईच्या हौशी मंडळींनी याच काळात काढण्यास आरंभ केला. होडीतून काचा आणि औषधांच्या बाटल्या सांभाळत बेटावर जावयाचे, चढण चढून लेण्यात पोहोचावयाचे आणि तेथे यंत्र उभे करावयाचे, हेही काम काही सोपे नव्हते. तथापि ही मंडळी सायंकाळी होडीने घरी परतू शकत. अजिंठ्याच्या दरीत गिल यांना अशी सोय नव्हती. एखादी बाटली फुटली तर नवी येईपर्यंत महिनोन् महिने वाट पाहावी लागे.

आज कळ दाबली की क्षणार्धात चित्र मिळते. त्या काळची रीत कशी होती हे पाहिले म्हणजे गिल यांच्या कामाची किंमत कळते. प्रथम काचेचे एक स्वच्छ तावदान घ्यावयाचे. त्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतून, काच हळूहळू कलती करून त्याचा सारखा थर पसरवावयाचा. नंतर अंधारात ती काच रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची. या क्षारामुळे काचेवर प्रकाशाचा परिणाम होऊ लागतो. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात बसवावयाची, भिंगावरील झाकण काढून चित्र घ्यावयाचे आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन औषधांनी धुवावयाची. हे सारे काच वाळण्याच्या आत झाले पाहिजे. वाळली की काच निकामी झाली. म्हणून छायाचित्रकार जेथे जाई तेथे त्याची अंधारी खोली तंबूच्या रूपाने त्याच्याबरोबर जाई. जड लाकडी कॅमेरा, त्याची तिवई, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाण्याचे हंडे असा तो संसार होता. धुण्याच्या पाण्यात थोडी माती असली तरी चित्रावर डाग पडत. खानदेशाच्या सीमेवरील उन्हाळ्यात कोलोडियन पाहता पाहता सुकून जाई, आणि वाऱ्याने उडालेली धूळ ओल्या काचेवर चिकटून बसे.

शिवाय लेण्यांतील अंधार हा मोठा शत्रू होता. त्या काळच्या काचांना भरपूर प्रकाश लागे. उजेड कमी असेल तर भिंग पुष्कळ वेळ उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्यात कॅमेरा किंचित हलला तरी चित्र पुसट होई. अजिंठ्याचा कडा अर्धवर्तुळाकार असल्यामुळे प्रत्येक लेण्याचे तोंड थोड्या वेगळ्या दिशेस आहे. कोणत्या लेण्यात सूर्याचे किरण दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि वर्षाच्या कोणत्या ऋतूत आतवर पोहोचतात, हे ठाऊक असल्यावाचून छायाचित्रकाराचे काही चालत नसे. वर्षानुवर्षे त्या दरीत वावरलेल्या गिल यांना ते ठाऊक होते. चित्रकार म्हणून त्यांनी तेथे जो काळ घालविला, तो छायाचित्रकार म्हणून त्यांच्या उपयोगी पडला.

तरीही एक गोष्ट कॅमेऱ्याला साधत नव्हती. त्या जुन्या काचांना सर्व रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांवर पांढुरका उमटे. तांबडा, पिवळा आणि हिरवा हे रंग मात्र काळेच येत. अजिंठ्याच्या चित्रांत तर तांबड्या आणि पिवळ्या मातीचेच प्राधान्य! त्यामुळे जी चित्रे डोळ्यांना मोहवीत, ती छायाचित्रात काळ्या डागांसारखी दिसण्याची भीती असे. म्हणून गिल यांनी दोन साधनांत कामाची वाटणी केली. भिंतींवरील चित्रांसाठी कुंचला; आणि लेण्यांची भव्य दारे, कोरीव खांब, कमानी, स्तूप आणि मूर्ती यांसाठी कॅमेरा. प्रत्येक साधनाची मर्यादा ओळखून त्याच्याकडून योग्य ते काम करून घेणे हे खऱ्या कारागिराचे लक्षण होय.

गिल यांची पुष्कळशी छायाचित्रे जोडचित्रे आहेत. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. म्हणूनच आपल्याला वस्तूची खोली आणि अंतर कळते. याच तत्त्वावर, थोड्या अंतरावरील दोन भिंगांतून एकाच दृश्याची दोन चित्रे घेतात. ती शेजारी शेजारी ठेवून विशिष्ट उपकरणातून पाहिली की दोहोंचे एकच चित्र होते आणि ते सपाट न दिसता भरीव दिसते. लंडनमधील एखादा वाचक आपल्या घरी बसून असे चित्र पाही, तेव्हा अजिंठ्याच्या लेण्यातील खांबांची रांग अंधारात दूरवर गेलेली त्याला दिसे; जणू तो स्वतःच त्या दारात उभा आहे.

गिल केवळ अजिंठ्यापाशी थांबले नाहीत. वेरूळची लेणी, लोणारच्या सरोवराच्या परिसरातील मंदिरे आणि वऱ्हाडातील जुनी देवळे यांचीही छायाचित्रे त्यांनी काढली. १८६४ मध्ये या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडन येथे प्रसिद्ध झाली. एकात हिंदुस्थानातील लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि निसर्ग यांची १०० जोडचित्रे होती. या पुस्तकांना माहिती जोडली होती ती फर्ग्युसन यांनी. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या आग्रहातून हे काम निघाले, त्यांच्याच लेखणीची जोड त्याला मिळावी, हा मोठा सुयोग होय. त्या काळी छापखान्यात छायाचित्रे छापण्याची रीत रूढ झालेली नव्हती. काचेवरून कागदावर उतरविलेले प्रत्येक छायाचित्र पुस्तकाच्या पानावर हाताने चिकटवावे लागे.

येथवर गिल यांच्या श्रमांचे चीज झाले असे वाटते. परंतु दैवाचा घाला पुढेच होता.

लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस नावाची लोखंड आणि काच यांची एक विशाल इमारत होती. गिल यांनी पाठविलेल्या प्रती तेथे लोकांना पाहण्यासाठी मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीला आग लागली. इमारतीचा उत्तरेकडील भाग जळून गेला आणि त्याबरोबर अजिंठ्याच्या त्या भव्य प्रतीही जळाल्या. तेथे मांडलेल्या नसल्यामुळे केवळ चार-पाच पट वाचले. वाघांच्या दरीत, दिव्याच्या उजेडात, उमेदीची वर्षे खर्ची घालून जे उभे केले, त्याची एका दिवसात राख झाली.

किती विलक्षण योग हा! अजिंठ्याच्या दरीत धोका होता म्हणून चित्रांच्या प्रती काढल्या आणि सुरक्षित म्हणून त्या दूर देशी एका भक्कम इमारतीत ठेवल्या. परंतु धोक्याच्या जागची मूळ चित्रे टिकली आणि सुरक्षित जागी ठेवलेल्या प्रती मात्र नाहीशा झाल्या.

सर्वच गेले असे मात्र नाही. छायाचित्रे राहिली. तैलरंगातील प्रत एकच असते. ती गेली की गेली. छायाचित्र आकाराने लहान, त्याला रंग नाहीत. पण एका काचेवरून त्याच्या पुष्कळ प्रती निघतात. गिल यांच्या छायाचित्रांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आणि अनेक घरांत पोहोचल्या होत्या. एका ठिकाणच्या आगीने त्या सर्व जळणे शक्य नव्हते. ज्या साधनाला रंग दिसत नव्हते, त्यानेच गिल यांचे काम काळाच्या तोंडातून वाचविले.

आगीची वार्ता अजिंठ्यास पोहोचली तेव्हा गिल यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. त्यांनी अजिंठा सोडला नाही. आपल्या आयुष्याची शेवटची वर्षेही त्यांनी याच भागात काढली. १८७९ च्या एप्रिल महिन्यात भुसावळजवळ त्यांचा मृत्यू झाला. भुसावळ येथील ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. अजिंठ्याला जेव्हा ते प्रथम आले, तेव्हापासून तोवर चौतीस-पस्तीस वर्षे लोटली होती.

गिल यांनी आरंभिलेले काम त्यांच्या हयातीतच इतरांनी पुढे चालविले. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले आणि तेरा वर्षे खपून त्यांनी पुन्हा प्रती तयार केल्या. दुर्दैव असे की, त्यांतील पुष्कळ प्रतीही १८८५ मध्ये लंडन येथे आगीत सापडल्या. परंतु राहिलेल्या साधनांवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६ मध्ये आपला दोन खंडांचा ग्रंथ छापून काढण्यास आरंभ केला. पुढे विसाव्या शतकात रंगांची नोंद घेणारे छायाचित्रण शक्य झाले, तेव्हा निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे खंड प्रसिद्ध केले. गिल यांच्या कॅमेऱ्याला जे साधले नव्हते ते या खंडांनी साधले.

या सर्व प्रयत्नांतून एक कटू अनुभवही पदरी पडला. चित्रे अधिक उजळ दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात प्रती काढताना काही भित्तिचित्रांवर रोगणाचा थर देण्यात आला होता. काही वर्षांनी तो थर पिवळा आणि काळपट पडला, आणि चित्रे झाकोळली. तो काढून टाकण्यासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. प्राचीन वस्तूवरील प्रेमालाही ज्ञानाची जोड हवी, नाहीतर रक्षण करणाऱ्या हातांनीच नुकसान होते, हे त्यावरून सर्वांच्या ध्यानात आले. आज लेण्यांत झगझगीत प्रकाश पाडून छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, ती याच जाणिवेतून.

जुन्या छायाचित्रांचे मोल किती असते याचे एक उदाहरण अजिंठ्यातच मिळते. पहिल्या लेण्यापुढे पूर्वी खांबांची एक सुंदर देवडी होती. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत तिचा काही भाग उभा असलेला दिसतो. पुढे ती देवडी पूर्णपणे कोसळली. आज त्या लेण्यापुढे उभे राहणाऱ्याला ती दिसत नाही. पण कागदावर ती अजून उभी आहे. कातळ ढासळला, तरी त्याची छाया टिकली.

१९८३ मध्ये अजिंठ्याच्या लेण्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. आज देशोदेशीचे हजारो प्रवासी ती पाहण्यास येतात. चांगल्या रस्त्याने ते लेण्यांच्या पायथ्यापर्यंत येतात, बांधलेल्या पायऱ्यांनी वर चढतात आणि मंद दिव्यांच्या उजेडात पद्मपाणीच्या करुण मुद्रेपुढे स्तब्ध होतात. त्यांतील फार थोड्यांना रॉबर्ट गिल यांचे नाव ठाऊक असते. गिल यांनी ही लेणी खोदली नाहीत, त्यांतील एकही मूर्ती घडविली नाही, एकही मूळ चित्र रंगविले नाही. दुसऱ्यांनी निर्माण केलेले सौंदर्य पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप पोहोचावे, एवढ्यासाठीच त्यांनी आपले आयुष्य वेचले.

नवीन काही निर्माण करणाऱ्यांचा गौरव जग नेहमीच करते, आणि तो योग्यच आहे. परंतु जे निर्माण झाले आहे ते जपणारे, त्याची नोंद ठेवणारे आणि एकदा नष्ट झाले तरी पुन्हा कामाला लागणारे लोक नसते, तर पूर्वजांचे कितीतरी धन आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. आपल्या गावातील एखादे जुने देऊळ, एखादी बारव, एखादा शिलालेख आपण पाहतो, तेव्हा त्यावर नाव कोरण्याचा मोह टाळून त्याची एखादी नोंद, एखादे रेखाटन वा छायाचित्र आपण करून ठेवले, आणि त्याची प्रत आणखी कोणाच्या हाती दिली, तर अजिंठ्याच्या या उपासकाचे काम आपल्या परीने आपणही पुढे नेले असे होईल.

अभ्यास

१. अजिंठ्याची लेणी पुन्हा उजेडात आल्यावर त्यांवरील संकट का वाढले?
२. लेण्यांत काम करताना गिल यांना कोणकोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागले?
३. गिल यांनी कुंचला आणि कॅमेरा यांत कामाची वाटणी कशी केली? का?
४. १८६६ च्या आगीत गिल यांच्या प्रती जळाल्या, पण छायाचित्रे टिकली. याचे कारण सांगा.
५. आपल्या गावातील किंवा शहरातील एका जुन्या वास्तूची माहिती मिळवून दहा-बारा ओळी लिहा आणि तिचे चित्र काढा.